गाडी नारळाखाली लावू नये

पत्र्यावर खडूनं लिहिलंय:
पार्किंग शंभर रुपये.
नारळ पडल्यास जबाबदारी नारळाची.

सतरा सीटची गाडी झावळ्या चुकवून लावली,
आरसे दुमडले,
आणि गडहिंग्लजच्या पतपेढीतली सोळा माणसं
केशरी जाकिटं घालून, खिदळत, बोटीत चढली.
‘साडेचारला निघू, दाजी.
तोवर झोपा निवांत.’
घड्याळात साडेअकरा.

अठरा वर्षं देवबागला येतोय.
विचारा,
कुठल्या वळणावर एसटी दिसली की कुणी मागं घ्यायचं,
कुठल्या खानावळीत ड्रायव्हरला सुरमईची तुकडी मिळते
आणि कुठल्या खानावळीत नुसती आमटी.
समुद्राचं मात्र विचारू नका.
तो जाताना उजवीकडं असतो,
येताना डावीकडं.

आज सीट मागं पाडली, डोळे मिटले,
आणि पायच उतरले खाली.

रस्ता म्हणजे
शिलाईला सोडलेली कापडाची पट्टी.
एका अंगाला खाडी, एका अंगाला दर्या,
आणि मधल्या चिंचोळ्या जागेत
सागरसाद, सागरछाया, सागरस्पर्श,
पॅरासेलिंग, स्कूबा, फोटोसह, फोटोशिवाय,
पुण्याच्या गाडीला नाशिकची गाडी आडवी,
दोघांच्या मधून एक पोरगा
डोक्यावर बर्फाची लादी घेऊन, टपटपत.
एका फाटकावर फक्त:
‘हे घर आहे. खोल्या नाहीत. बेल वाजवू नये.’
त्या फाटकाशी मी जरा जास्त वेळ थांबलो.

पुढल्या अंगणात तेवीस पांढरे टॉवेल
आणि त्यांच्या आडून एक आवाज:
‘खोली होयी?’
नको, म्हटलं, नुसता फिरतोय.
‘ड्रायव्हर मां तुमी?’
कसं ओळखलं?
‘चलताना सुदीक मागसून कोण येता ता बघतास.’

शेवंती चोपडेकर.
पाण्याचा तांब्या दिला,
आणि टॉवेल उलटवता उलटवता सांगत राहिल्या
की सीझनात त्यांच्याच खोलीत पाहुणे झोपतात,
ही माणसं पडवीत,
आणि जूनमध्ये खोली परत मिळाली
की चार रात्री झोपच येत नाही.
‘पंखो परक्यासारखो वाटता.’

सुरूच्या झाडांतून खाली उतरलो
तर किनाऱ्यावर रापण लागलेली.
दोन रांगा, दोन दोर,
आणि भोवती मोबाईल धरलेले पन्नास हात.
मीही हात मागं बांधून उभा.
दोराच्या टोकाचा म्हातारा,
पास्कू म्हणत होते त्याला सगळे,
माझ्यावरच खेकसला:
‘बघतंस काय रे? दोर धर!’

धरला.
जन्मभर रिव्हर्स घेत आलेला माणूस मी,
मान वळवून, क्लीनरच्या ‘येऊ द्या, येऊ द्या’वर.
पण हे मागं जाणं वेगळं होतं.
टाचा वाळूत रुतवायच्या,
अंग मागं टाकायचं,
आणि तोंड समुद्राकडं.
एक पाऊल मागं,
तसा तो अख्खाच्या अख्खा दिसायला लागला.
मधेच खूप दूर एक निळी बोट होती.
माझीच माणसं असतील.

जाळ्यात फार काही नव्हतं.
तारली, थोडे पेडवे,
बुळबुळीत झार ढीगभर,
आणि कुणाचा तरी गॉगल, एका काचेचा.
मोबाईल पांगले.
पास्कूनं पिशवीत आठ तारल्या टाकल्या.
नको नको म्हटलं.
‘हात लावलंस मगे वाटो घे.
फुकट कोण ओढता हय?’

साडेचारला सगळे आले,
ओले, भाजलेले, भुकेले.
कॅशियरबाई म्हणाल्या, गाडीत कसला वास येतोय?
मॅनेजर म्हणाले, कोकण आहे, येणारच.
मग माझ्याकडं वळून,
‘झोपलात ना, दाजी?’
हो, म्हटलं.

बॉनेटपासून वीतभर अंतरावर
एक नारळ पडला होता.

कुंभारमाठच्या चढावर दुसरा गियर टाकला
तेव्हा तळहात चरचरला.
टूलबॉक्सशेजारी, ओल्या पोत्यात,
माझ्या वाट्याच्या आठ तारल्या,
आणि त्या कुठं भाजायच्या
हे अजून ठरत नव्हतं.