उभा सात, अक्षरं तीन

सात चाळीसची फेरी, चोडणहून रायबंदर.
शनिवारचा पेपर एकच, पै काण्यांचा.
निवृत्त पोस्टमास्तर; घडी अशी घालतात
जणू आत अजून कुणाची मनिऑर्डर आहे.
कोडं रचणारा 'काजुलो' अशी सही करतो.
रोमाल्द म्हणतो, तो तुरुंगात असणार,
नाहीतर एवढा वेळ कुणाला.

आडवा चार. "षड्जाच्या पाठी गाढव लागलं, तरी गोड."
त्या गाढवाशी आम्ही अर्ध्या पाण्यापर्यंत झगडलो.
मग पै काणे म्हणाले, खर.
खर म्हणजे गाढव. संस्कृतच्या सरांनी हा अर्थ
माझ्याकडे बघून सांगितला होता.
पेटीच्या क्लासला निघालेली शर्वाणी
कोपऱ्यात, मान वर न करता, गुणगुणली:
सा.
साखर लिहिताना पै काण्यांचा हात जरा थांबला.
त्यांच्या रक्तातली किती, ते आम्हा सगळ्यांना पाठ आहे.

इनासिनला देवनागरी येत नाही.
प्रार्थना रोमी अक्षरांत, हिशेब बोटांवर.
रिकामी पाटी पायांत धरून ती विचारते,
"कितें म्हणटा तो आयज?"
आणि आम्ही वाचून दाखवतो.
"बांगडीचा नवरा, पाण्यात राहतो."
वाक्य संपायच्या आत: "बांगडो!"
विश्वास नसेल तर पाटीचा वास घ्या म्हणाली.
शेवटचा ओकार काढून आम्ही काना दिला,
मासा चौकटीत बसला.

रोमाल्द इंजिनवाला. शब्दकोडं त्याला चालत नाही,
तो तोंडी परीक्षा घेतो:
फेरीवर चढतो, पण कधी उतरत नाही. कोण?
आम्ही म्हटलं, तू.
म्हटलं, डिझेलचा वास. केबिनमधला सायब.
कठड्याला टेकून रोज झोपणारा तो वनखात्याचा माणूस.
आठ दिवस त्याने आम्हाला ये-जा करवली,
मग लालसर तळवा उघडून दाखवला.
गंज.

मागच्या शनिवारी अडलं ते उभ्या सातला.
"लग्नासाठी उभा. दुसरी वेलांटी लागली की वाहत सुटते."
घोडा, घोडी? धावते, वाहत नाही, शिवाय अक्षरं तीन.
नवरदेवाचं एक अक्षर जास्त.
इनासिन नव्हती. तिच्या लेकीचं लग्न,
अंगणात माटोव, काकांच्या रिक्षेला फुगे.
रायबंदर आलं. कोडं तसंच घडीत गेलं.

दुपारी दोनला, सोसायटीच्या काउंटरवर,
कुणाच्या पासबुकातलं 'देसाइ' दुरुस्त करताना
ते मला सुटलं.
समोर पेन्शनवाली म्हातारी. तिला काय सांगणार?
एकटीला सुटलेलं उत्तर
सुट्या पैशांसारखं दिवसभर वाजत राहिलं पर्समध्ये.
संध्याकाळी त्याच्यावरूनच घरी आले
आणि कुणाला बोलले नाही.

सोमवारी इनासिन आली, कागदात दोदोल बांधून.
पै काण्यांनी नको नको म्हणत दोन तुकडे घेतले,
बोटं पुसली, शनिवारचा पेपर काढला
आणि वाचलं.
ती म्हणाली, वेलांटी कितें?

कठड्यावर दव साचलं होतं.
मी बोटाने काढून दाखवली:
उभी काठी, वरून वळलेला गळ.
तिने गळाकडे पाहिलं. मग बाजूला वाकून
बराच वेळ खाली.
मग काहीतरी म्हणाली.

तिच्या बोलीत न्हंय म्हणजे नदी
आणि न्हय म्हणजे नाही.
मधला अनुस्वार इंजिनाने खाल्ला.
शर्वाणी माझ्याकडे बघते, मी रोमाल्दकडे,
तो दोर हातात घेऊन उभा,
आणि पै काणे पेनचं टोपण
दातांत धरून बसलेत.