बिनझोपेची गोळी

माघ सरला की चोडणच्या डोंगरीवर काजू मोहरतो
आणि फेरीबोट हाकणारा पुंडलीक नार्वेकार
रायबंदरच्या माझ्या फार्मसीत येऊन
सात शिंका देतो,
आठवी परतीच्या फेरीसाठी राखून.

पूर्वी पिवळी गोळी न्यायचा, पैशाला पासरी.
तिनं नाक मिटायचं, पण डोळेही.
एकदा मांडवीच्या मधोमध
डुलकी लागली, अन् बोट तिरपी होत होत
थेट खारफुटीत.
माणसं हसली.
जिचे बांगडे चिखलात गेले
ती तेवढी हसली नाही.

मग डॉक्टरीणबाईंनी ही लिहून दिली,
लांबट, फिकी, महाग.
मी नेहमीचं सांगितलं:
दिवसाला एक. पाण्याबरोबर, संत्र्याचा रस नको.
हिनं सहसा झोप येत नाही,
तरी पहिले दोन दिवस
सुकाणू दुसऱ्याला दे.

आता तो जागा असतो.
म्हणतो, बाय, किती वर्षांनी नदीचा वास आला!
डिझेल, ओहोटीचा चिखल,
कुणाच्या तरी पिशवीतले गरम उंडे.
धक्क्यावर एक पोरगी उभी असते,
रोज पावणेसातला येते, म्हणे,
फेरी चुकवायलाच.
त्याला ती परवा पहिल्यांदा दिसली.

आज सुटे पैसे मोजून झाल्यावर रेंगाळला.
पिवळीचं एक पाकीट दे, म्हणाला.
आता कशाला?
आयताराला. आयतारी बोट नसते माझी.
घरात असतो.

मी ड्रॉवर उघडलाय.
पलीकडे भोंगा वाजतोय,
आणि तो
शिंकतसुद्धा नाही.