दिवस न नेमता

ग्रिम्सबीच्या गोदीवरच्या ज्या हॉलमध्ये
एरवी गुरुवारी ब्रास बँडची तालीम चाले,
तिथे मी टाइपरायटर घेऊन बसले होते,
चौकशीतला शब्द न् शब्द उतरवून घ्यायला.
खिडक्या बंद. तरी कार्बन पेपरला
मासळीचा वास लागलेला.

'एलन थर्लबी' नावाचं मच्छीमार जहाज
जानेवारीत अकरा माणसं घेऊन उत्तरेला गेलं.
वायरलेसवरचा शेवटचा निरोप:
दोरांवर बर्फ साचतोय, कुऱ्हाडींनी तोडतोय.
पुढे नुसती खरखर.
तीही मी टाइप केली. खरखर. पूर्णविराम.

तीन दिवस साक्षी झाल्या.
बर्फ किती इंच, बॉयलर कधी तपासला,
कुठलं दार उघडं राहिलं असेल.
सापडला होता एकच लाइफबेल्ट,
त्याच्या आत समुद्राशिवाय कोणी नव्हतं.

चौथ्या दिवशी साडेअकराला
ऑस्गुडबी साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला,
आणि कागदाकडे बघत म्हणाले:
चौकशी तहकूब. सायनी डाय.

तिसऱ्या रांगेतून
विनी स्टॅमर्स उभी राहिली.
"डाय म्हणालात ना? म्हणजे मेला?
ठरलं ना एकदाचं?"

त्या अकरा घरांत जानेवारीपासून
जो शब्द कोणी ओठांवर येऊ दिला नव्हता
तो सरकारने स्वतःहून उच्चारला,
असंच वाटलं तिला. आणि खरं सांगते,
तिच्या आवाजात रडू नव्हतं. सुटका होती.

वकील कागद गोळा करू लागले.
शेवटी शिपाई पेल तिच्यापाशी गेला, टोपी काखेत धरून.
"लॅटिन आहे ते, बाई.
डाय म्हणजे मरण नव्हे, डाय म्हणजे दिवस.
पुढचा दिवस न नेमता, असं म्हणाले साहेब."
"कुठला दिवस?"
"तेच ना. कुठलाच नाही."

ती खाली बसली.
"मरण बरं होतं," म्हणाली, "मरणाचा दाखला मिळतो,
दाखल्यावर पैसे मिळतात,
काळा कोट घालता येतो.
बिनदिवसाच्या माणसाचं
काय करायचं असतं?"

तिच्या कोटाचं तिसरं बटण लागत नव्हतं.
तिला दिवस गेले होते, सहावा महिना.
आणि साहेब सांगून गेले होते,
दिवस नाही.

तिचं बोलणं नोंदीत घेऊ नका, असा हुकूम झाला.
मी ती ओळ खोडली.

पुढे हे दोन शब्द मी कितीदा टाइप केले असतील.
चर्चच्या घड्याळाची दुरुस्ती, सायनी डाय.
पोहण्याच्या तलावाची समिती, सायनी डाय.
बोलिंग क्लबचा खजिनदार पैसे घेऊन पळाला
तेव्हा तर सगळे हसतच उठले सभेतून.
सभ्य शब्द आहे. दार आपटत नाही,
लोटूनही घेत नाही. तसंच सोडून
दिवा मालवून निघून जातो.

जूनमध्ये जन्मनोंदणीच्या कचेरीत
बदलीवर होते मी. विनी आली,
टॉवेलमध्ये गुंडाळलेली मुलगी घेऊन.
रकाने भरत गेले.
बापाचं नाव: आर्थर. धंदा: खलाशी.
हयात की मयत?

तिने माझ्याकडे पाहिलं. ओळखलं की नाही, माहीत नाही.
"सायनी डाय," म्हणाली,
उच्चार साहेबांहून स्वच्छ.

तो रकाना मी कोरा सोडला.
"आणि जन्म?"
"सतरा जून," ती म्हणाली, "मंगळवार.
पहाटे चार वाजून दहा मिनिटं.
नीट लिहा."