पाचवी वाटी

मी आले होते पंपासाठी.
किवू सरोवरावरच्या टेकडीवर, रवांडात,
आठ दिवस धुण्याचं पाणी चढत नव्हतं
आणि पिकलेलं फळ काही कुणासाठी थांबत नाही.
कॉफी माझ्या ओळखीची ती बरणीतली,
तपकिरी भुकटी, एक चमचा, वर दूध.
तिलाही साल असते, गर असतो, चीक असतो,
हे चाळिशी उलटल्यावर कळावं,
थोडं लाजिरवाणंच.

कालिक्स्तनं तळहातावर एक फळ ठेवलं. खा, म्हणाला.
बोराहून लहान, लाल, दाबलं की सुळकन निसटणारं.
गर नावापुरता, पण गोड,
आणि आत दोन बिया, पोटाला पोट लावून निजलेल्या.
मी चावायला गेले. "थुंक," तो हसला,
"भाजल्याशिवाय ती कुणाशी बोलत नाही."

मग मी गॅस्केट कापत बसले, आणि बघत.
उतारावरून बायका येतात, डोक्यावर टोपल्या, पाठीशी पोरं.
फळं हौदात ओततात. पोकळ ती तरंगतात,
भरलेली गप्प तळाशी.
(इथे माणसांबद्दल एक ओळ लिहिली होती. खोडली.)
चक्की साल सोलते,
आणि चिकट दाणे रात्रभर टाकीत आंबत राहतात
आपल्याच उबेत,
वास शिळ्या फणसाचा, फुगून आलेल्या पिठाचा.
पहाटे चौघं अनवाणी उतरून तुडवतात.
कालिक्स्त मूठभर दाणे चोळतो, कानाशी नेतो.
खड्यांसारखे वाजले, की झालं.
मनगटावर घड्याळ होतं त्याच्या.
त्यानं ते पाहिलं नाही.

पुढे जाळीच्या लांबच लांब खाटा.
दुपारी दाण्यांवर पांघरूण घालतात, ऊन बाधू नये म्हणून.
बायकांवर नाही घालत.
त्यांतली स्पेसिओझ, साठीची, दोनशे झाडांची मालकीण,
चिरका दाणा न बघताच बाजूला टाकते.
सात किलो फळांचा एक किलो दाणा.
तिला पैसे मिळतात फळाचे.
पंपाच्या पावतीमागे मी हिशेब मांडला,
विमानतळावरच्या एका पेल्यात तिचे किती.
आकडा इतका बारका आला की पुन्हा मांडला.
तेवढाच आला.

तिसऱ्या दिवशी चवीची खोली.
पांढरा कोट घातलेली देवोता, ओळीनं आठ वाट्या.
चमचा तोंडाशी नेऊन फुर्रकन ओढायचं, मग थुंकायचं.
बशीतला चहा ओढताना
ज्या आवाजासाठी मी लहानपणी धपाटे खाल्ले,
तो इथे शिकवतात. वर गुण देतात.

पुढचा हप्ता नुकता दळला होता, पाणी पडायचं होतं.
स्पेसिओझ दारात उभी, आपल्या चिठ्ठीसाठी.
आत पाऊल टाकलं नाही तिनं.
नाक मुरडलं, आणि हनुवटीनं दाखवली पाचवी वाटी.
"इबिरायी."
बटाटा.

देवोता वाकली. हुंगलं. सरळ झाली, पुन्हा वाकली.
मग काही न बोलता कागदावर फुली मारली.
एक किडा फळाला टोचतो,
आणि आतला एखादा दाणा कच्च्या बटाट्याचं साल होऊन
हजारोंत बसून राहतो,
अंगानं अगदी इतरांसारखा.

"तुम्ही पिता का कॉफी?" मी विचारलं.
कालिक्स्तनं तिच्या भाषेत नेलं, तिचं उत्तर परत आणलं.
"नाही. पण बटाटे रोज सोलते."

चिठ्ठीची घडी पदरासारख्या कापडात खोचत
तिनं पंपाचं विचारलं.
"उद्या," मी म्हणाले.
तिनं माझे हात उलटेसुलटे करून पाहिले,
ग्रीस, फुटलेलं नख, रबराचा वास.
"आज," ती म्हणाली, आणि उतरून गेली.

दिवेलागणीला पाणी चढलं.
आधी नळ खोकला, मग लाल आलं,
मग बराच वेळानं नितळ.