गादी

सोहारच्या इस्पितळात डॉक्टर हातेमनी
फिल्म उजेडाला धरली: इथे. चौथ्या-पाचव्याच्या मधे.
घरी फोन केला, गादी सरकलीय.
बायको म्हणाली, मग नीट अंथरून झोपा ना.
हसलो, तर कुल्ल्यापासून नडगीपर्यंत वीज उतरली.

अठरा वर्षं एसीचे डक्ट उचलले,
छताला खांदा लावून उभा राहिलो.
एका सकाळी चप्पल घ्यायला वाकलो
आणि तिथेच राहिलो.

भूल उतरल्यावर ब्लेसी सिस्टरनी बाटली दाखवली.
खेकड्याच्या नांगीतल्या गरासारखा
पांढरा, विस्कटलेला तुकडा.
एवढाच?
आमच्या खाडीवर असले चोखून टाकतात.

मग डॉक्टर पायाशी आले.
'मुनाफ, अंगठा. वर.'

व्हिसाला अंगठा, कॅम्पच्या हजेरीला अंगठा,
आजवर सगळ्यांनी हाताचाच मागितला.
हा तिकडे, चादरीच्या टोकाला,
दुसऱ्या कुणाचा असावा तसा पडलेला.
आधी नुसता थरथरला.

मग उठला.

पाच किलोच्या वर काही उचलायचं नाही,
डॉक्टर सांगत होते, तीन महिने तरी,
आणि कंपनीला चिठ्ठी देतो म्हणाले.
मी हो हो म्हणत
अंगठा खाली घेत होतो, परत वर.