डावा हात

चिठ्ठीवर लिहिलं होतं : डावा हात राखून ठेवा.
वर्षभर सगळ्यांनी राखला,
बेटावरच्या दवाखान्यात, इथे कास्त्रोतही;
सुया सगळ्या उजव्यात.
उजव्या हाताच्या शिरा आता
ओहोटीनंतर वाळूत उरणाऱ्या रेघा.
वाट दिसते, पाणी नाही.

मी जेल लावलं, डावी बाही वर सारली.
पडद्यावर शीर : काळी, गोल,
दाबली की मिटणारी, सोडली की उघडणारी.
तीन मिलिमीटर. सुरेख.
"सापडली," मी म्हणाले.
"सापडणारच," एरिबेर्तो नाउतो म्हणाले,
"साठ वर्षं वाकस याच हातात आहे."

डावखुरे.
कुणी विचारलंच नव्हतं.
मीही नाही.

डॉक्टर लिरांनी कागद उलटा करून चित्र काढलं.
धमनी शिरेला जोडायची, मग शीर फुगते,
जाड होते, सुयांना सरावते. याला फिस्टुला म्हणतात.
"किती दिवस?"
"मुरायला तीन महिने. कधी सहा.
कधी मुरतच नाही."
एरिबेर्तोंनी मान डोलावली. लाकडाचंही तेच.
सायप्रस कृष्णपक्षात तोडायचा,
दोन हिवाळे छपराखाली ठेवायचा,
तरी एखादी फळी तडकते.
"पण फळी ब्याऐंशी वर्षांची नसते, डॉक्टर."

आणि हात?
रक्त कधी वाट बदलतं, बोटं गार पडतात,
मुठीचा जोर जातो.
पुस्तक म्हणतं, आधी फिस्टुला.
पुस्तकाच्या अंगणात
अर्धी होडी उभी नसते.

नाहीतर कॅथेटर. गळ्याच्या शिरेतून आत,
छातीवर दोन नळ्या. आज बसवला की उद्या चालू.
मात्र जंतू, ताप. आणि पाणी लागता कामा नये.
"आठवड्यातून तीनदा लाँचने यायचं,
आणि पाणी लागू द्यायचं नाही?"
हसताना त्यांना खोकला आला.

माझं मत कुणी विचारलं नाही.
मी फिस्टुलाच म्हटलं असतं.
मार्चमध्ये कॅथेटरचा ताप पाहिला होता मी,
सोमवारी थंडी वाजली, गुरुवारी खाट रिकामी.

"होडीला चार महिने लागतील," ते म्हणाले,
"आधी कोण मुरतं, तुमची शीर की मी,
ते सांगता येत असेल तर सांगा."
डॉक्टरांनी पेनाचं टोपण लावलं.

कॅथेटर बसला.
सून ओरितिया पावाच्या पिशव्या कापून
छातीवर चिकटपट्टीने लावायची, वर रेनकोट.
दर खेपेला मी ती पट्टी सोलायचे,
आत कधी भुसा सापडायचा, मी रागवायचे.

चारचे आठ महिने झाले.
बैलजोड्या लावून होडी पाण्यात ओढली म्हणे,
मी नव्हते. त्यानंतरच्या मंगळवारी ते आले
ते बाही वर करूनच.
"घ्या. आता मोकळा आहे."

टाके काढल्यावर मी त्यांची उजवी बोटं
डाव्या मनगटावर ठेवली.
कातडीखाली घरघर.
ते बराच वेळ ऐकत राहिले, बोटांनी.
"जुनं डिझेल," म्हणाले. "मुरेल?"
"बघू."

मग मी त्यांची पाचही बोटं
एकेक करून मुठीत धरली.
करंगळी जराशी गार होती.
बाहेर वाराही होता, त्यानेही असेल.