शेरा

हुवैरा गावाच्या उत्तरेला डोंगर आहे,
म्हणजे असावा.
धुळीपलीकडे तो आठवड्यातून एकदा दिसतो,
उधारी मागायला आलेला माणूस
आत यायला लाजतो, तसा लांबच उभा.
दक्षिणेला वाळू. तिच्याबद्दल कुणी बोलत नाही.
मधून वादी जाते: नदीचं रिकामं अंथरूण.
तिच्यात पोरं फुटबॉल खेळतात,
गोल म्हणून दोन-दोन टायर.

बाकी खजुरी, एकशे चाळीस घरं, एक पेट्रोलपंप,
आणि कुंपणातली पांढरी पेटी,
जिच्यात मरहून दिवसातून तीनदा डोकं घालतो.

सकाळी सहा: एकतीस.
दुपारी बारा: सेहेचाळीस.
तीनला ऊन असं मी म्हणतं
की आकडा वहीवर उतरण्याआधीच
शाई पेनाच्या टोकाशी वाळते.
पावसाच्या रकान्यात शून्य.
सव्वीस महिने शून्य काढून काढून
ती इतकी गोल झालीत
की झायना म्हणते, तुझं अक्षर सुधारलं.

झायनाचं यंत्र वेगळं.
ओसरीत टांगलेला मातीचा जहला.
त्याच्या बुडाशी थेंब लोंबू लागले
की समुद्राकडची हवा आली म्हणायचं.
बूड कोरडं, आणि पाणी दात शिवशिवतील इतकं गार:
गरबी सुटलाय, पोरांना आत घ्या.
वारा जितका तापट, तितकं पाणी गोड.
हे मरहूनच्या वहीत कुठेच बसत नाही.

पाणी येतं फलजातून, वाट्यानं.
शम्साला मेहेरात अर्धा तास मिळाला होता,
बुधवारच्या पहाटेचा.
नवरा जाऊन नऊ वर्षं झाली.
अर्धा तास अजून वेळेवर येतो.

त्या रात्री आभाळ घासून ठेवलेल्या परातीसारखं,
एक ढग नाही.
आधी वास आला. ओल्या मातीचा,
पण इथल्या मातीचा नव्हे.
मग कुत्री गप्प झाली.
मग ट्रकचा ताफा यावा तसा आवाज,
दिवे मात्र नाहीत.

कुठे तरी वर, डोंगरात, पडला होता.
वादी आपल्या अंथरुणावर परत आली
आणि तिनं उशाशी-पायथ्याशी जे होतं ते नेलं:
चारही टायर,
रशूदच्या अकरा शेळ्या,
केंद्राचं कुंपण,
आणि पाऊस मोजायचं तांब्याचं भांडं.

सकाळी सहा: सव्वीस.
मरहूननं ओली वही चुलीपाशी धरली.
नियम असा, की पडेल तेच मोजायचं.
गावावर थेंब पडला नव्हता.
त्यानं रकान्यात शून्य लिहिलं, जरा वाकडं,
आणि शेऱ्याच्या जागी: मापी वाहून गेली.

मग चपला हातात घेऊन
पोटरीभर गाळातून तो वादीनं खाली निघाला.
रशूद आधीच पुढे गेला होता, हाका मारत,
एकेका शेळीला नावानं.

झायना मागून ओरडली:
रिकामं सापडलं तर घेऊन ये.
भरलेलं सापडलं, तर तिथेच मोज.